जिंकणं वेगळं, सावरणं वेगळं



ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्यांनी गोल्फची काठी कधी हातात धरली नसेल. पण दारू सोडू पाहणारी माणसं त्यांनी उभा जन्म पाहिली. त्यामुळे मी आज विषय त्यांचाच घेतो आहे, माणसं मात्र लांबची आहेत.

७ जानेवारी २०२४ रोजी हवाईमधल्या माउई बेटावर कापालुआच्या मैदानात 'द सेंट्री' ही स्पर्धा क्रिस कर्क या अमेरिकन गोल्फपटूने जिंकली. बरोबर आठवड्याने, १४ जानेवारीला, होनोलुलूतली 'सोनी ओपन' ग्रेसन मरेने जिंकली. लागोपाठचे दोन रविवार, दोन विजेते, आणि दोघेही दारूच्या व्यसनाशी आणि नैराश्याशी झगडत असल्याचं जगाला सांगून बसलेले. क्रीडापत्रकारांना आणखी काय हवं? पुनर्जन्म, पुनरागमन, राखेतून उठणारा पक्षी, सगळी विशेषणं वापरून झाली. चारच महिन्यांनी, २५ मे रोजी, ग्रेसन मरेने आपलं आयुष्य संपवलं. तो तीस वर्षांचा होता.

या दोन रविवारांकडे एकत्र पाहिल्याशिवाय मला या विषयावर बोलता येत नाही. एकट्या कर्कची गोष्ट सांगितली तर तुम्ही समाधानाने घरी जाल. एकट्या मरेची सांगितली तर हळहळत जाल. मला दोन्ही नको आहे.

आधी थोडं या खेळाबद्दल, कारण आपल्याकडे गोल्फ म्हणजे निवृत्त साहेबांचं फिरणं अशी समजूत आहे. व्यावसायिक स्पर्धा चार दिवसांची असते, रोज अठरा होल्स, एकूण बहात्तर. दोन दिवसांनंतर छाटणी होते, तिला 'कट' म्हणतात. कटमध्ये जो राहिला नाही, तो शुक्रवारी संध्याकाळी बॅग भरतो आणि हात हलवत निघतो. पगार नाही. विमानाचं तिकीट त्याचं, हॉटेल त्याचं, बॅग उचलणाऱ्या कॅडीचा आठवड्याचा पगारही त्याचाच. अमेरिकेतल्या पीजीए टूरवर खेळायचं तर खेळण्याचा हक्क, म्हणजे 'कार्ड', लागतं, आणि ते टिकवायला वर्षभरात पुरेसे गुण कमवावे लागतात. ज्या वर्षांबद्दल मी बोलतो आहे त्या काळात गुणतक्त्यातल्या पहिल्या सव्वाशे जणांचं कार्ड राहत असे. बाकीच्यांनी खालच्या पायरीवरच्या कॉर्न फेरी टूरवर जाऊन पुन्हा चढायचं.

आता खेळण्याच्या वेळेचा हिशोब पाहा. एक फेरी चार-पाच तास चालते. त्यात चेंडू मारले जातात सत्तरच्या आसपास, आणि प्रत्येक फटका दोन-तीन सेकंदांचा. म्हणजे प्रत्यक्ष खेळ काही मिनिटांचाच. उरलेला सगळा वेळ माणूस चालतो आणि विचार करतो. फलंदाज बाद झाला की निदान तंबूत तरी परततो. गोल्फपटूला त्याची चूक झाल्यावर पुढची काही मिनिटं त्याच चुकीकडे चालत जावं लागतं, कारण चेंडू तिथे पडलेला असतो. मग संध्याकाळी हॉटेलची खोली. दर आठवड्याला नवं गाव, तीच खोली. कर्कने नंतरच्या मुलाखतींमध्ये सांगितलं आहे की त्याचं पिणं मित्रांच्या गोतावळ्यातलं नव्हतं, ते त्या खोल्यांमधलं होतं, एकट्याचं. आणि दुसरीकडे या खेळाचं दारूशी नातं इतकं जुनं की अठरा होल्स संपल्यावरच्या बारला जगभर 'एकोणिसावं होल' म्हणतात. पुण्यातही म्हणतात.

क्रिस कर्कचा जन्म १९८५ सालचा, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलचा. तो वाढला जॉर्जियात आणि शिकलाही जॉर्जिया विद्यापीठात. २००५ साली राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा जिंकणाऱ्या संघात तो होता. २०११ मध्ये मिसिसिपीत पीजीए टूरवरचा पहिला विजय, २०१३ मध्ये सी आयलंडला दुसरा, २०१४ मध्ये बॉस्टनजवळ तिसरा, २०१५ मध्ये टेक्सासमधल्या कलोनियल या जुन्या, मानाच्या मैदानावर चौथा. बॉस्टनच्या विजयानंतर दुसऱ्याच दिवशी रायडर कप या सांघिक स्पर्धेसाठीचा अमेरिकन संघ पुरा व्हायचा होता. कर्णधार टॉम वॉटसनने त्याला घेतलं नाही. कर्कने तेव्हा तक्रार केली नाही. शांत माणूस, फारसं न बोलणारा, चेहऱ्यावर काही न दाखवणारा. अशा माणसाच्या आत काय चाललंय हे कोण विचारणार?

२०१५ च्या ऑक्टोबरात दक्षिण कोरियातल्या इंचॉनला प्रेसिडेंट्स कप झाला. अमेरिका एका बाजूला, युरोप सोडून उरलेलं जग दुसऱ्या बाजूला. शेवटच्या दिवशी एकास एक लढतीत कर्कसमोर होता अनिर्बान लाहिरी. लाहिरी आपल्या पुण्यात जन्मलेला, लष्करी डॉक्टरांचा मुलगा, आणि ती स्पर्धा खेळणारा पहिला भारतीय. अठराव्या होलवर दोघं बरोबरीत. कर्कचा चेंडू झेंड्यापासून पंधरा फुटांवर, लाहिरीचा जेमतेम चार फुटांवर. कर्कने तो लांबचा पट (हिरवळीवरून चेंडू होलमध्ये ढकलायचा फटका) घातला. लाहिरीचा जवळचा कडेला लागून बाहेर राहिला. अमेरिकेने कप साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा असा, एका गुणाने जिंकला. लाहिरी कोलमडलेला दिसत होता, कर्कने मूठ उंचावली होती. ती चित्रफीत अजून पाहायला मिळते. त्या दिवशी प्रेक्षकांना विचारलं असतं, या दोघांपैकी चार वर्षांनी गोल्फ सोडून घरी कोण बसेल, तर कर्कचं नाव कुणी घेतलं असतं?

पुढच्या वर्षांत त्याचा खेळ घसरला. विजय नाहीत, क्रमवारीत उतरण. आणि ७ मे २०१९ रोजी, चौतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याने समाजमाध्यमावर चार ओळींचं निवेदन टाकलं. आशय असा, की दारू आणि नैराश्य यांच्याशी मी बराच काळ झगडतो आहे, आपल्या हातात आहे असं वाटलं होतं, पुन्हा पुन्हा घसरल्यावर कळलं की एकट्याने जमणार नाही. म्हणून बेमुदत रजा घेतो आहे. परत कधी येईन माहीत नाही. घरात बायको आणि तीन लहान मुलगे होते. त्यांच्या लायकीचा माणूस व्हायचं आहे, एवढंच त्याने पुढे म्हटलं होतं. पुनरागमनाचं वचन त्यात नव्हतं. कप, क्रमवारी, कार्ड, कशाचाच उल्लेख नव्हता. आपण पुन्हा गोल्फ खेळूच असं त्याला तेव्हा वाटत नव्हतं, हे त्याने पुढे सांगितलं आहे.

इथे मी थोडा थांबतो, आणि गडकऱ्यांकडे जातो. मराठी माणूस दारूबद्दल बोलायला लागला आणि 'एकच प्याला' आठवलं नाही, असं होत नाही. आपल्याला लक्षात राहतात तळीराम आणि सिंधू, पहिला प्याला आणि शेवटचा. मधली एक गोष्ट आपण विसरतो. नाटकाचा नायक सुधाकर वकील आहे. त्याची सनद काही काळासाठी निलंबित होते, आणि त्या अपमानात तो पहिल्यांदा पितो. म्हणजे त्याच्या दारूचं मूळ व्यवसायात आहे. आणि पुढे तो दारू सोडतोही! निश्चय करतो, काम मागायला बाहेर पडतो. ओळखीचे, मोठे, प्रतिष्ठित लोक त्याला उभं करत नाहीत. तिथून परतलेला सुधाकर जो प्यायला बसतो, तो पुन्हा उठतच नाही. शंभर वर्षं आपण हे नाटक मोहाची शोकांतिका म्हणून पाहत आलो. मला ती बंद दारांची शोकांतिकाही वाटते. माणूस सावरला होता. त्याला जागा नव्हती.

कर्कला जागा होती, आणि ती कुणाच्या मेहरबानीने नव्हती, नियमाने होती. पीजीए टूरवर आजारी किंवा जखमी खेळाडूला वैद्यकीय सवलत मिळते. खांदा निखळला, पाठीची शस्त्रक्रिया झाली, तर जितक्या स्पर्धा बुडाल्या त्या हिशोबाने परतल्यावर ठराविक स्पर्धा खेळायची मुभा असते, आणि तेवढ्यात गुणांची तूट भरून काढायची असते. कर्कचं व्यसन आणि नैराश्य याच नियमात बसवलं गेलं. मोडलेला हात आणि मोडलेलं मन, फॉर्म एकच. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाची बाब कुठली वाटते, तर ही रुक्ष, कारकुनी बाब. धैर्याची चर्चा खूप होते, २०२३ मध्ये टूरने कर्कला धैर्याचा पुरस्कारही दिला. पण धैर्य करून परत आलेल्या माणसाला उभं राहायला फळी कुणी ठेवली होती, हे विचारलं पाहिजे.

आणि ती फळी अरुंद होती, हेही सांगतो. २०१९ च्या नोव्हेंबरात तो परतला. लगेच काही झालं नाही. मग कोविड आला, सगळंच थांबलं. जून २०२० मध्ये तो खालच्या कॉर्न फेरी टूरवर, फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला खेळला आणि एका फटक्याने जिंकला. प्रेसिडेंट्स कपचा नायक पोरसवदा खेळाडूंमध्ये खेळतोय, प्रेक्षकांना प्रवेश नाही, टाळ्या नाहीत. माझ्या लेखी त्याचं पुनरागमन तिथे झालं, जिथे पाहायला कोणी नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये वैद्यकीय सवलतीतली शेवटची स्पर्धा उरली, होनोलुलूची सोनी ओपन. तिथे चांगला क्रमांक आला नाही तर कार्ड जाणार होतं. शेवटच्या दिवशी पासष्ट मारून तो संयुक्त दुसरा आला. केव्हिन ना एका फटक्याने जिंकला, कर्कचं कार्ड राहिलं. हरलेल्याचा दिवस जिंकलेल्याच्या दिवसाइतका मोठा असू शकतो, याचं इतकं नेमकं उदाहरण खेळात क्वचित सापडतं.

मग २६ फेब्रुवारी २०२३, फ्लोरिडातली होंडा क्लासिक. शेवटच्या होलवर एका फटक्याची आघाडी होती. कर्कने दोन फटक्यांत हिरवळ गाठायचा धीट प्रयत्न केला आणि चेंडू पाण्यात घातला. बरोबरी झाली, निकाल जादा होलवर गेला. समोर होता एरिक कोल, चौतिशीत टूरवर पोहोचलेला नवखा. या कोलची आई लॉरा बॉ. सत्तरच्या दशकात महिला गोल्फमधलं फार मोठं नाव. तिने १९९९ साली आत्मचरित्र लिहिलं, त्यात आपल्या दारूच्या व्यसनाची आणि त्यातून बाहेर पडण्याची हकीकत न लपवता सांगितली आहे. म्हणजे त्या संध्याकाळी एका होलवर दारू सोडलेला बाप आणि दारू सोडलेल्या आईचा मुलगा आमनेसामने होते. दूरचित्रवाणीवर चर्चा कर्कचीच झाली. पण पोरांच्या बाजूने हा आजार कसा दिसतो, हे त्या मैदानावर कोलला कर्कपेक्षा जास्त ठाऊक असणार. असो. कर्कने तिसरा फटका झेंड्याला खेटून ठेवला आणि जवळजवळ आठ वर्षांनी जिंकला.

जिंकल्यावर तो म्हणाला, माझ्याकडे जे काही आहे ते सगळं दारू सोडल्यामुळे आहे. हे वाक्य नीट ऐका. दारू सुटली म्हणून जिंकलो, असं तो म्हणतो. जिंकलो म्हणून दारू सुटली, असं म्हणत नाही. आपण, म्हणजे वाचक, प्रेक्षक, नातेवाईक, मात्र ते वाक्य कायम उलटं वाचतो. चषक हातात दिसला की आपल्याला वाटतं, चला, हा बरा झाला. प्रमोशन मिळालं, बरा झाला. लग्न ठरलं, बरा झाला. चषक ही बरं झाल्याची पावती नव्हे, हे समजायला आपल्याला ग्रेसन मरेकडे जावं लागतं.

मरे नॉर्थ कॅरोलायनातल्या राली गावचा. मुलांच्या गटात अफाट हुशार, २०१७ साली तेविशीत पीजीए टूरवर पहिला विजय. कर्क जितका मिटलेला, तितका हा उघडा. बोलून बसणारा, भांडणारा. २०२१ च्या जानेवारीत हवाईतल्या एका हॉटेलच्या बारमध्ये काही प्रकार झाला, टूरने त्याला ताकीद देऊन देखरेखीखाली ठेवलं. सहा महिन्यांनी त्याने स्वतःच जाहीरपणे लिहिलं, की मी प्यायलेला का होतो, तर मी दारुडा आहे म्हणून, आणि इतक्या वर्षांत टूरकडून मला मदत झालेली नाही. लोकांना त्याचा सूर आवडला नाही. माझं मत विचाराल तर त्या सुरातसुद्धा मदतीची हाक होती, आणि ती सभ्य शब्दांत यावी ही अपेक्षा आजारी माणसाकडून जरा जास्तच आहे. कर्कच्या चार ओळी साऱ्यांना भावल्या. मरेचा आक्रस्ताळेपणा खटकला. आजार एकच होता.

पुढे तो उपचारांसाठी दाखल झाला, २०२३ साली कॉर्न फेरीवर दोनदा जिंकला, कार्ड परत मिळवलं. आणि २०२४ च्या जानेवारीत त्याच हवाई बेटांवर, तीन खेळाडूंच्या जादा होलवर, जवळजवळ चाळीस फुटांचा पट घालून सोनी ओपन जिंकली. कित्येक महिने दारूला शिवलो नाही, हे तेव्हा त्याने सांगितलं. लग्न ठरलेलं होतं. एप्रिलमध्ये तो मास्टर्स खेळला, मेमध्ये पीजीए चॅम्पियनशिप, दोन्हींत कट पार केला. बाहेरून मोजायची प्रत्येक फूटपट्टी वर जात होती. २४ मे रोजी कलोनियलला, जिथे कर्क नऊ वर्षांपूर्वी जिंकला होता त्याच मैदानावर, त्याने फेरी पुरी न करताच सोडली. दुसऱ्या दिवशी बातमी आली. आईवडिलांनी ती न लपवता सांगितली, आणि एकमेकांशी प्रेमाने वागा असं लोकांना विनवलं. स्पर्धा थांबवू नका, ही विनंतीही त्यांचीच.

का केलं, याचं उत्तर मी देणार नाही, कारण ते कुणाजवळच नसतं आणि ते शोधण्याचा उद्योग बहुधा क्रूर होतो. मला एवढंच म्हणायचं आहे, की त्याच्या विजयाने आम्हा पाहणाऱ्यांना निश्चिंत केलं, आणि ते चुकीचं होतं. त्याला सुटका मिळाली असं धरून आम्ही टाळ्या वाजवल्या.

गोल्फच्या प्रेक्षकाने हे आधीही केलं आहे. जॉन डेली १९९१ ची पीजीए चॅम्पियनशिप राखीव यादीतून येऊन जिंकला, १९९५ ची ब्रिटिश ओपनही जिंकला. त्याची दारू, त्याची मोडलेली लग्नं, त्याचं वजन, सगळ्याची करमणूक झाली. माणूस बुडतो आहे आणि काठावर लोक हसत उभे आहेत, असं ते वर्षानुवर्षं चाललं. टायगर वूड्सला २०१७ च्या मे महिन्यात फ्लोरिडात पोलिसांनी रस्त्याकडेला थांबलेल्या गाडीत पेंगताना पकडलं. शरीरात दारू नव्हती, वेदनाशामकं आणि झोपेची औषधं होती. दोन वर्षांनी त्याने मास्टर्स जिंकली आणि त्या अटकेचा फोटो जगभर विसरला गेला. आज मी वूड्सबद्दल बोलावं असं काही मित्रांनी सुचवलं होतं. ते टाळलं, कारण त्याच्या कहाणीत विजय इतका झळाळतो की खालचं काही दिसत नाही.

पुण्यात येरवड्याला दोन ठिकाणं आहेत. एक पूना गोल्फ क्लब, एकोणिसाव्या शतकातला. दुसरं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून उभं केलेलं. रिक्षाने गेलात तर एकातून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही. मुक्तांगणात उपचार घेणाऱ्याला रुग्णमित्र म्हणतात. तिथे, आणि एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, सभांमध्येही, वाढदिवस साजरे होतात ते दारू सोडल्याच्या दिवसाचे. कर्कही २९ एप्रिल २०१९ ही तारीख तशीच सांगतो, चषकांच्या तारखांच्या आधी. या वाढदिवसांना कुणी काय कमावलं हे विचारत नाहीत. रिक्षावाला, बँकेतला अधिकारी, पोलीस, प्राध्यापक, सगळ्यांचं वर्ष सारखंच मोजलं जातं, आणि उद्याची हमी कुणाकडून मागितली जात नाही. घसरलेला माणूस परत आला तर त्याची खुर्ची तिथेच असते.

प्रश्न उरतो तो केंद्राबाहेरच्या खुर्चीचा. इथे समोर शिक्षणसंस्थांचे, पतपेढ्यांचे, कारखान्यांचे पदाधिकारी बसलेले दिसतात, म्हणून बोलतो. हृदयविकारासाठी दोन महिने रजा घेतलेल्या माणसाला आपण परत आल्यावर पेढे देतो. व्यसनमुक्ती केंद्रातून आलेल्याला रोख रकमेचं टेबल देत नाही, सहीचे अधिकार काढून घेतो, आणि डब्याच्या वेळी त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. बहुतेक जण म्हणूनच खोटं प्रमाणपत्र आणतात, कावीळ झाली होती म्हणून सांगतात. खोटं बोलून घेतलेल्या रजेवरून परतलेला माणूस पहिल्या दिवसापासून पुन्हा लपवाछपवीत असतो, आणि लपवाछपवी हे तर या आजाराचं राहतं घर. कर्कच्या फॉर्मवर खरं कारण लिहिता आलं, एवढाच फरक आहे. कुणाला रात्री-अपरात्री बोलायची गरज वाटली तर सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही चालते, तो क्रमांक दाराजवळच्या फळ्यावर लिहायला मी संयोजकांना सांगितलं आहे.

कर्कचं पुढे काय झालं, हे व्याख्यानाच्या आधी चहाच्या वेळी एकाने विचारलं. तो खेळतो आहे. २९ जून २०२५ रोजी डेट्रॉइटला तिघांत बरोबरी झाली, पुन्हा जादा होल्स. दुसऱ्या जादा होलवर कर्कसमोर चार-साडेचार फुटांचा पट होता, इंचॉनला लाहिरीपुढे होता साधारण तेवढाच. तो त्याने चुकवला आणि कर्क लढतीबाहेर पडला. पुढे ऑल्ड्रिच पॉटगिटर हा वीस वर्षांचा दक्षिण आफ्रिकी मुलगा जिंकला. वर्तमानपत्रांनी साहजिकच त्या मुलावर लिहिलं. कर्कच्या वाट्याला त्या बातमीत दोन वाक्यं आली, आणि त्या दोन्ही वाक्यांत दारूचा उल्लेख नव्हता.